दाताचं इम्प्लांट : गाईड लावून की हातानंच? (बाबांसाठी विचारतोय)

खानापूरकर
नमस्कार मंडळी, एरवी नुसता वाचून जातो, आज काम पडलं म्हणून लिहितोय, राग मानू नका. बाबांचं वय ६६. खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दोन दाढा चार वर्षांपूर्वी काढल्या, अक्कलदाढ त्याच्याही आधी गेलेली, म्हणजे त्या बाजूला मागं सगळं मोकळं मैदान. तेव्हापासून एकाच बाजूनं जेवण चाललंय आणि आता त्या बाजूची दाढ कुरकुरायला लागली तेव्हा घरात सगळे जागे झाले. कवळी नको म्हणतात. लहानपणी आजोबांची कवळी पेल्यातल्या पाण्यात बघून घाबरले होते म्हणे, ते अजून डोक्यात आहे.

दोन ठिकाणी दाखवलं. आमच्या गावातले डॉक्टर वीस वर्षांचे ओळखीचे, त्यांनी ओपीजी (पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे) काढायला लावला, बघून म्हणाले हाड आहे, दोन इम्प्लांट (हाडात घालायचा स्क्रू, त्यावर दात) बसवू, एकाला ३०,००० धरा. दुसरे बेळगावात. त्यांनी आधी सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन), मग तोंडाचं कॅमेऱ्यानं स्कॅन, मग कॉम्प्युटरवर प्लॅनिंग आणि मग थ्रीडी प्रिंट केलेली गाईड (ड्रिलला जागा आणि दिशा दाखवणारी टोपी) लावून सर्जरी, असं सगळं सांगितलं. एकाला ४२,००० आणि गाईडचे वेगळे ८,०००. शुगर आहे पण गोळीवर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.१ आलंय.

प्रश्न एवढाच, हे गाईड प्रकरण खरंच लागतं की नवीन मशीन घेतलंय त्याचा हप्ता आमच्या खिशातनं?

शेंगदाणा
९२ हजारात सेकंडहँड ॲक्टिवा येते. चावता येत नाही एवढाच फरक.

गणेशपूरचे आजोबा
हातानंच करा. २००९ साली मी तीन बसवून घेतले, वरती एक, खाली दोन. सीटी नाही, गाईड नाही, कॉम्प्युटर नाही. डॉक्टरांनी हिरडी उघडली, बोटानं हाड चाचपलं आणि बसवले. आज माझं वय ७४, जोंधळ्याची भाकरी कडक झालेली असली तरी सोडत नाही. हातात कसब असेल तर कागदाची गरज नाही.

तिसरं गेट
आजोबा, तुमचं चांगलं झालं याचा आनंद आहे पण तुमचं एकट्याचं झालं म्हणजे सगळ्यांचं होतं असं नाही हो. माझं मागच्या वर्षी गाईड लावून झालं, समोरचा दात, पडून तुटलेला (पावसात स्कूटर, पुढचं विचारू नका). प्लास्टिकची पारदर्शक टोपी असते, आपल्याच दातांवर टच्च बसते, त्यात जिथं ड्रिल जायचं तिथं गोल भोक. अर्ध्या तासात बाहेर. टाका नाही, सूज नाही, संध्याकाळी दहीभात खाल्ला. आधी स्क्रीनवर माझा पूर्ण जबडा फिरवून दाखवला होता, नवीन दात कसा दिसेल ते पण. त्या एका गोष्टीसाठीच मी जास्त पैसे दिले असते.

शेंगदाणा
स्कूटरचं विचारू नका म्हटल्यावर आता विचारायलाच पायजे की.

बोअरवाला, अथणी
आमच्याकडं बोअर मारायच्या आधी पाणाड्या येतो, हातावर नारळ उभा राहिला की म्हणतो इथं मारा. नुसता ओपीजी बघून जबड्यात ड्रिल घालायचं म्हणजे मला तसलंच वाटतंय. सीबीसीटी म्हणजे मशीन लावून पाणी बघितल्यासारखं. मी तर म्हणतो काढाच.

गणेशपूरचे आजोबा
@बोअरवाला, आमच्या पाणाड्यानं दाखवलेल्या बोअरला अजून पाणी आहे. मशीन लावून मारलेले शेजारचे दोन कोरडे गेले.

उद्यमबाग
मी मशीनशॉपवाला माणूस, दातातलं काही कळत नाही. पण तिसरं गेट यांनी जे वर्णन केलं ते म्हणजे आमचं ड्रिल जिग! टोपी म्हणजे जिग आणि ते गोल भोक म्हणजे बुश. आम्ही पण मार्किंग करून हातानं भोक मारत होतो, मग जिग आलं, शंभर पीस एकसारखे निघायला लागले. म्हणून आयडिया चांगलीच आहे. पण एक गोष्ट सांगतो, जिग आलं म्हणून भोक सरळ येतं असं नसतं. बुश आणि ड्रिल यांच्यात थोडा तरी प्ले, म्हणजे मोकळी फट, ठेवावाच लागतो नाहीतर ड्रिल फिरणारच नाही. आणि तो प्ले जेवढा, त्याच्या कितीतरी पट चूक खाली टोकाला होते, कारण ड्रिल लांब. दुसरं म्हणजे जिग पीसवर नीट बसलं नसेल, एका बाजूनं उचललेलं असेल, तर बुश जर्मनीचा असू दे, भोक वाकडंच. तेव्हा डॉक्टरांना एवढंच विचारा, तुमचं जिग कशावर टेकणार?

दातपाडे
बऱ्याच दिवसांनी आलो आणि पहिलाच धागा पोटापाण्याचा निघाला. मी दातांचाच डॉक्टर. सीमेच्या अलीकडं की पलीकडं ते विचारू नका, दोन्हीकडचे पेशंट आहेत.

उद्यमबाग साहेब, तुम्ही चार ओळीत जे सांगितलं ते आम्हाला दोन दिवसांच्या कोर्समध्ये सांगतात आणि वर जेवणाचे पैसे पण घेतात. अगदी तेच आहे. २०१८ साली या विषयावरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात गाईड लावून केलेल्या इम्प्लांटमध्येसुद्धा ठरवलेल्या जागेपासून वरच्या तोंडाशी सरासरी १.२ मिलिमीटर, खालच्या टोकाशी १.४ मिलिमीटर आणि कोनात साधारण साडेतीन अंश फरक पडलेला दिसला. ही सरासरी, म्हणजे काहींचा याहून जास्त. म्हणून जबड्याच्या हाडातल्या नसेपासून दोन मिलिमीटर लांब राहायचा नियम गाईड असली तरी मोडायचा नसतो.

आता खानापूरकरांचा प्रश्न. यात दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात, सीबीसीटी वेगळं आणि गाईड वेगळी. ओपीजी हा सपाट फोटो, आणि मशीनप्रमाणे साधारण पाव भागानं मोठा दिसतो. हाडाची उंची अंदाजे कळते, रुंदी अजिबात कळत नाही. खालच्या दाढांच्या जागी दोन भानगडी असतात. एक म्हणजे हाडातनं जाणारी नस, तिला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर, कधी काही महिने, कधी कायमची. दुसरी गोष्ट लोकांना माहीत नसते, जिभेच्या बाजूला हाडाला आतनं खळगा असतो. ओपीजीत हाड भरभक्कम दिसतं आणि प्रत्यक्षात ड्रिल त्या खळग्यातनं जिभेखाली बाहेर निघू शकतं, तिथं रक्तवाहिन्या आहेत, रक्तस्राव झाला तर जीभ वर उचलली जाऊन श्वासाची पंचाईत. असं क्वचित होतं, पण झालंय. आजोबांच्या डॉक्टरांनी हिरडी उघडून बोटानं चाचपलं ते याचसाठी, ती माणसं अडाणी नव्हती. पण आज दीडदोन हजारात स्कॅन होत असताना तो न काढता दाढेच्या जागी ड्रिल घालणं मला तरी पटत नाही. म्हणजे सीबीसीटी होय. गाईडचं उत्तर एवढं सोपं नाही, ते उद्या लिहितो, पेशंट बसलाय.

शेंगदाणा
पेशंट तोंड उघडून बसलाय आणि डॉक्टर इथं टाईप करतायत, आपल्यातलाच माणूस म्हणायचा.

निपाणीची सून
मला थोडं वेगळं विचारायचंय. सासूबाईंचे खालचे सगळेच दात गेलेत, मशेरीची कृपा, आमच्या निपाणीत सांगायला नको. कवळी आहे पण खाली टिकत नाही, बोलताना टकटक वाजते आणि हसायचं झालं की पदर तोंडावर. चार इम्प्लांटवर सगळी बत्तिशी बसवतात असं ऐकलंय, ते काय असतं? आणि मशेरी चालू असताना करतात का? सोडत नाहीत हो त्या, आम्ही सांगून थकलो.

रागिणी शहापूर
@निपाणीची सून, चार वाल्याचं डॉक्टर सांगतील, मी माझं सांगते म्हणजे वरच्या दाढेचं कुणाला करायचं असेल तर उपयोग होईल. वरच्या दाढेच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते, दात काढून वर्षं गेली की ती खाली उतरते आणि हाड पातळ होतं. माझं पाचच मिलिमीटर उरलं होतं. डॉक्टर म्हणाले सायनस थोडा वर उचलू, तिथनंच. मला वाटलं काहीतरी इंजेक्शन असेल. छे! सळईसारखं एक हत्यार लावून वरनं छोट्या हातोडीनं ठोकतात. दुखत नाही, भूल असते, पण प्रत्येक ठोका डोक्यात घुमतो, नारळ फोडतायत असं वाटतं आणि नारळ आपणच. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर खोली गरगर फिरायला लागली, मला वाटलं अर्धांगवायू, घरात रडारड. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं ठोक्यांनी कानातले बारीक खडे जागेवरनं हललेत, डोकं एका विशिष्ट पद्धतीनं वळवून आडवं केलं, दोन वेळात गेलं. असं होऊ शकतं हे आधी सांगितलं असतं तर एवढी घाबरले नसते. ठोकायचंच असेल तर विचारून घ्या, आता ठोक्याशिवाय ड्रिलनं किंवा पिझोच्या (बारीक कंपनावर चालणाऱ्या) मशीननं पण करतात म्हणे.

तिसरं गेट
नारळ दोन वेळा आला या धाग्यात.

पाटील, चिकोडी
रागिणीताईंचं वाचून आठवलं. वर हाड कमी पडलं तर पावडर भरतात ना, बोन ग्राफ्ट, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या घरी जैन, काकांना पावडर भरली आणि नंतर बाटलीवर वाचलं तर बोवाइन. गाईबैलाच्या हाडापासनं केलेली. काका आठ दिवस जेवले नाहीत नीट. डॉक्टर म्हणाले तुम्ही विचारलं नाही. अरे आम्हाला काय माहीत विचारायचं असतं!

बोअरवाला, अथणी
पण ते हाड भाजून सगळं काढलेलं असतं ना, उरतो नुसता खनिज भाग. औषधाच्या कॅप्सूलला जिलेटिन असतंच की. एवढं बघायला लागलो तर जगणं कठीण.

पाटील, चिकोडी
तुम्हाला चालतं, काकांना चालत नाही. मुद्दा चालण्याचा नाही, सांगण्याचा आहे.

दातपाडे
पाटील, तुमचं बरोबर आहे आणि चूक डॉक्टरची. ग्राफ्ट चार प्रकारचे, स्वतःचं हाड, दुसऱ्या माणसाचं प्रक्रिया केलेलं, जनावराचं आणि कृत्रिम. कृत्रिमही चालतं, कधी त्यात आपल्याच रक्तातनं काढलेलं पीआरएफ मिसळतात, दंडातनं रक्त घेऊन मशीनमध्ये फिरवलं की जेलीसारखी गोळी मिळते. प्रत्येक केसला सगळे पर्याय सारखे नसतात, पण विचारणं डॉक्टरचं काम आहे, पेशंटचं नाही.

आता राहिलेलं.

@निपाणीची सून, चारवालं तंत्र पोर्तुगालच्या पावलो मालो यांनी १९९० च्या दशकात रूढ केलं. पुढं दोन सरळ आणि मागं दोन तिरपे, ४५ अंशांपर्यंत तिरपे, म्हणजे नस किंवा सायनस टाळून जिथं हाड शिल्लक आहे तिथं पकड घ्यायची. यात मात्र प्लॅनिंग लागतंच. पण सासूबाईंना चार कशाला, खाली पुढं दोन इम्प्लांट आणि त्यावर टिचबटणासारखी अडकणारी कवळी, खर्च निम्म्याहून कमी आणि टकटक बंद. बाहेर काढून धुता येते हा मोठा फायदा. तंबाखू कुठल्याही रूपात असेल तर हिरडी आणि हाड भरून येणं बिघडतं. विडी सिगरेटवाल्यांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण साधारण दुप्पट दिसतं. मशेरी हिरडीवरच चोळतात, त्यामुळं आधी ती थांबायला पाहिजे. मी तर तोवर हातच लावत नाही, पैसे परत मागायला येतात नंतर.

गाईडचं. पूर्वी पद्धत अशी की हाड कुठं आहे ते बघायचं, तिथं स्क्रू घालायचा, मग लॅबवाल्याला सांगायचं यावर दात बसव बाबा. तो बिचारा वाकडा तिकडा जुगाड करायचा, घास अडकायचा, हिरडी सुजायची. आता उलटं. आधी स्क्रीनवर दात ठेवायचा, वरचा दात कुठं लागतो ते बघायचं आणि मग त्या दाताखाली हाडात स्क्रू कुठं येतो ते शोधायचं. शेजारच्या दातापासून दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये तीन मिलिमीटर जागा राहते का ते बघायचं. खरा बदल हा आहे, प्लॅस्टिकची टोपी हा त्याचा फक्त निरोप्या. प्लॅन चुकीचा असेल तर गाईड ती चूक इमानदारीनं जबड्यात पोचवते.

आणि उद्यमबाग यांनी विचारलेला प्रश्न, जिग कशावर टेकणार? दोन्हीकडं दात असतील (तिसरं गेट यांचं तसं होतं) तर घट्ट बसते. खानापूरकरांच्या बाबांना मागं दातच नाही, म्हणजे गाईडचं मागचं टोक हवेत, दाब दिला की झुकणार. शिवाय गाईडमुळं पाण्याचा फवारा ड्रिलच्या टोकापर्यंत नीट पोचत नाही. हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट तापलं की पेशी मरतात, भोक अचूक पण हाड भाजलेलं, काय उपयोग. म्हणून थांबत थांबत, पाणी मारत करावं लागतं.

शेवटचं आणि सगळ्यात साधं. खानापूरकर, बाबांना आरशासमोर उभं करा, तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्यांचीच तीन बोटं उभी एकावर एक आत जातात का बघा. गाईडची ड्रिलं नेहमीपेक्षा लांब असतात, मागच्या दाढेला हातोडा आत जाईल एवढी जागा लागते. हे आधी बघा मग ८,००० चं बोला.

शेंगदाणा
हातोडा??

दातपाडे
हँडपीस हो. फोनचा कीबोर्ड माझा धंदा बुडवणार.

शेंगदाणा
ऑफिसात बसून तोंडात तीन बोटं घालून वाचूलोय. साहेब बघूलेत.

माळमारुती
गाईडवर आंधळा विश्वास नको याला माझ्याकडनं दुजोरा. बायकोचं, दुसऱ्या शहरात, नाव घेत नाही. स्कॅन झालं, गाईड बनून आली, मधल्या तीन आठवड्यात शेजारच्या दाढेत सिमेंट भरलं त्याच डॉक्टरांनी. सर्जरीच्या दिवशी भूल दिली आणि टोपी बसेना! एका बाजूनं दोन एक मिलिमीटर वर. मला वाटलं थांबतील. नाही, घासून घासून बसवली. इम्प्लांट इतकं तिरपं गेलंय की कॅपच्या पुढच्या बाजूला स्क्रूचं भोक आलंय, हसली की पांढरा ठिपका दिसतो. गाईडला खिडक्या ठेवतात म्हणे, नीट बसली का ते दिसायला. आमच्या टोपीला होत्या, बघितलं कुणी नाही.

उद्यमबाग
ड्रॉइंग निघाल्यावर पीस बदलला आणि जुन्याच जिगवर चढवला. आमच्याकडं असं केलं तर लॉट रिजेक्ट. इथं बाईंच्या तोंडात. अवघड आहे.

गणेशपूरचे आजोबा
मी म्हणत होतो ते हेच.

तिसरं गेट
आजोबा, तुम्ही म्हणत होता कागदाची गरज नाही. इथं कागदाकडं बघितलं नाही म्हणून झालंय.

सीमावासी ५६
या सगळ्यात कुणी संमतीपत्राबद्दल का बोलत नाही? माझ्या आईकडनं सही घेतली, फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत. तिला दोन्ही येत नाही. १९५६ पासून हेच चाललंय, आता तर दातापर्यंत आलं

बोअरवाला, अथणी
आमच्या इथं डॉक्टर कन्नड, कंपाउंडर मराठी, पेशंट दोन्ही बोलतो. दुखलं की सगळे अय्यो म्हणतात, भाषांतर लागत नाही.

रागिणी शहापूर
फॉर्म समजला पाहिजे हे मात्र खरं आहे हं. माझ्या डॉक्टरीणबाई कन्नडच, पण बसून मराठीत एकेक ओळ सांगितली. फक्त त्या चक्कर येण्याची ओळ राहिली.

संपादक
सीमाप्रश्नासाठी वेगळा विभाग आहे, तिथं ४०० प्रतिसादांचा धागा चालू आहे. इथं दातच राहू द्या.

सांगलीवाली
उशिरा आले. एक प्रॅक्टिकल गोष्ट जी कुणीच सांगत नाही. माझ्या भावाचं इम्प्लांट दुबईत झालं, सहा वर्षांनी कॅप हलायला लागली. सांगली, मिरज, कोल्हापूर सगळीकडं फिरलो, प्रत्येक डॉक्टर म्हणे कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, त्याशिवाय स्क्रू खोलायचा पाना कुठला लावू? प्रत्येक कंपनीचा वेगळा. आम्हाला माहीत नाही, दुबईचं क्लिनिक बंद. शेवटी एक्स-रेवरनं आकार ओळखून एकानं शोधलं, पाना बाहेरनं मागवला, पाच मिनिटांचं काम, दीड महिना गेला. इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतो, कंपनी, साईज, लॉट नंबर. तो मागून घ्याच आणि जपून ठेवा. आणि कॅप सिमेंटनं चिकटवण्याऐवजी स्क्रूवाली होत असेल तर ती मागा. सिमेंट हिरडीखाली राहिलं की तिथं पू होतो, आणि खोलायचं झालं तर तोडावी लागते.

दातपाडे
सांगलीवाली, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा, माझा धरून. स्टिकर मागितला म्हणून कुठला चांगला डॉक्टर रागावत नाही.

शेंगदाणा
मी ऐकलं होतं की हे सगळं सशावरनं सुरू झालं, खरं का थाप?

दातपाडे
खरं. स्वीडनचे ब्रोनेमार्क. १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून रक्ताभिसरण बघत होते, काम झाल्यावर काढायला गेले तर निघेना, हाडानं धरून ठेवलेली. दाताचा संबंधच नव्हता. १९६५ मध्ये पहिला माणूस, योस्टा लार्सन, खालच्या जबड्यात चार इम्प्लांट. २००६ ला वारले तोपर्यंत चालू होते, चाळीस वर्षांच्या वर. तेव्हा ना सीबीसीटी होतं ना गाईड, हे मी आजोबांसाठी मुद्दाम सांगतोय. पण तेव्हा ते हळू ड्रिल, भरपूर पाणी आणि नंतर महिनोन्महिने त्याला हात न लावणं याबाबत भयंकर कडक होते. आता अमेरिकेत डिसेंबर २०१६ पासून हात धरून ड्रिल करवणाऱ्या रोबोटला पण परवानगी आहे, कॅमेरा लावून गाडीच्या नकाशासारखं स्क्रीनवर बघत करायचं नॅव्हिगेशन आपल्या देशातही आहे. पाणी मात्र अजून मारावंच लागतं.

गणेशपूरचे आजोबा
सशाचं आवडलं.

खानापूरकर
मंडळी, पाच आठवड्यांनी येतोय, मधलं सगळं सांगतो.

दातपाडे यांची तीन बोटांची टेस्ट त्याच रात्री घेतली. दोनच गेली, ती पण ओढूनताणून. बाबा म्हणाले माझं तोंड पहिल्यापासनंच लहान आहे. आई काही बोलली नाही, आत गेली आणि स्कूटरच्या डिकीतनं तंबाखूची डबी आणून टेबलावर ठेवली. आठ वर्षांपूर्वी सोडली म्हणून आम्ही सगळ्यांना सांगत फिरतोय! पुढचा अर्धा तास लिहीत नाही.

बेळगावच्या डॉक्टरांकडं गेलो. पट्टी लावून मोजलं, ३१ मिलिमीटर. म्हणाले चाळीसच्या आसपास तरी पाहिजे होतं. गालाची आतली कातडी आवळलीय, तंबाखूनं सुरुवात झालीय, चट्टे वगैरे नाहीत पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं आणि डबी आजपासून बंद. मी खरं सांगतो, दाढेसाठी गेलो नसतो तर हे कळलंच नसतं.

सीबीसीटी काढला. तो खळगा होता! दातपाडे तुम्ही लिहिलेला, जिभेच्या बाजूचा, शेवटच्या दाढेच्या जागी. प्रिंट घेऊन मी गावातल्या डॉक्टरांकडं पण गेलो, आडपडदा न ठेवता दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, माझ्या ओपीजीत हे दिसायला मार्गच नव्हता, बरं झालं आलास. नंतर म्हणाले सर्जरी तिकडंच करा, टाके मी काढतो. माणूस मोठा आहे.

आणि खरी गंमत पुढं. बेळगावच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर आधी दात ठेवले, आणि शेवटची दाढ ठेवताना थांबले. वरची समोरची दाढ बाबांना नाहीच! सहा वर्षांपूर्वी काढलेली, आमच्या कुणाच्या लक्षात नाही. खाली दात बसवून तो चावणार कशावर? म्हणाले दुसरा इम्प्लांट नको, पहिल्या दाढेचा एकच बास. म्हणजे ज्यांना मी मशीनचा हप्ता वसूल करणारे म्हटलं त्यांनीच स्वतःचे ४२,००० कमी केले. शब्द मागे घेतो.

गाईड पूर्ण नाही लावली. फक्त पहिल्या बारीक ड्रिलपुरती, दिशा धरायला, ती पुढच्या चार दातांवर टेकलेली. मग ती काढून हिरडी उघडून पुढचं हातानं, डोळ्यांनी बघत. बसताना स्क्रूची पकड ३५ न्यूटन-सेंटीमीटरच्या वर आली म्हणे, पण दात लगेच लावायची घाई नको, शुगर आहे, तीन महिन्यांनी कॅप. ठोकाठोकी झाली नाही, रागिणीताई.

उद्यमबाग
म्हणजे सेंटर ड्रिल जिगनं आणि पुढचं हातानं. आम्ही पण अडचणीच्या जागी असंच करतो. बेस्ट.

गणेशपूरचे आजोबा
हातानंच केलं म्हणायचं शेवटी.

तिसरं गेट
आजोबा!!

गणेशपूरचे आजोबा
बरं बरं. अर्धं अर्धं. वडिलांना सांग, डबी सोड म्हणावं, मी ६० व्या वर्षी सोडली, पहिले पंधरा दिवस सगळ्यांवर ओरडत होतो, मग जमलं. बडीशेप ठेवायची खिशात.

निपाणीची सून
खानापूरकर, तुमच्या आईंनी डबी टेबलावर ठेवली ते वाचून मी पण धीर केला. सासूबाईंना दोन इम्प्लांटवाल्या कवळीचा फोटो दाखवला आणि सांगितलं मशेरी बंद झाल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत. चार दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. काल विचारलं, हसताना खाली तर नाही ना पडायची ती?

शेंगदाणा
खानापूरकर, तीन महिन्यांनी कॅप बसली की पहिला घास कशाचा? गोकाकचं करदंट की ऊस?

खानापूरकर
डॉक्टर म्हणाले दोन्ही नाही. बाबा म्हणतात मांडे तरी खाऊ देतील का विचार.

सांगलीवाली
ते सगळं राहू दे, स्टिकर घेतला का?

खानापूरकर
घेतला ताई, कार्डावर चिकटवून दिलाय, कंपनी, साईज, लॉट नंबर सगळं. आईनं ते कार्ड बाबांच्या रिकाम्या तंबाखूच्या डबीत ठेवलंय. म्हणाली तिच्यात हात घालायची सवय आहेच त्यांना, हरवायचं नाही.